घन आणि अष्टफलक यांची सममिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये शाळा-कॉलेजच्या मुलांना सुट्टीच्या दिवशी गणित शिकवताना घनाची सममिती हा विषय निघाला की प्रश्नांची रांग लागते. नंतर फोनवरही तेच प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत दहावीची मुलं आहेत, एमएस्सीची आहेत, अंबड-सातपूरच्या मशीन शॉपमधले कारागीर आहेत, रुबिक क्यूब सोडवणारे आहेत आणि खनिजं जमवणारेही आहेत. त्यातले सतत येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. वाचताना हातात एखादा फासा असू द्या. हा विषय डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो.

१. सममिती म्हणजे "दोन्ही बाजू सारख्या दिसणं" एवढंच ना?

तेवढंच नाही. सममिती हा दिसण्याचा गुण मानला की पुढे सगळं अडतं, म्हणून तिच्याकडे हालचाल म्हणून पाहा. तुम्ही डोळे मिटले आणि मी टेबलावरचा कोरा घन उचलून, फिरवून परत त्याच जागेत बसवला. डोळे उघडल्यावर तो हलला की नाही हे तुम्हाला सांगता आलं नाही, तर मी केलेली हालचाल ही त्या घनाची एक सममिती. "काहीच न करणं" हीसुद्धा एक हालचाल धरायची.

अशा सगळ्या हालचालींचा संच म्हणजे सममिती-गट. गट म्हणायचं कारण असं, की दोन हालचाली एकापाठोपाठ केल्या तर त्याच संचातली तिसरी हालचाल मिळते आणि प्रत्येक हालचाल उलटी करून पूर्वस्थितीला येता येतं.

यातली कळीची गोष्ट अशी, की काय काय जसंच्या तसं राहिलं पाहिजे हे मोजण्याआधी ठरवावं लागतं. कोऱ्या घनाच्या २४ फिरवण्या आहेत. त्याच घनावर १ ते ६ ठिपके काढले की फक्त एक उरते, काहीच न करण्याची. खाली जिथे जिथे दोन पुस्तकांत दोन उत्तरं सापडल्याची तक्रार आहे, तिथे बहुतेक वेळा हा करार आधी झालेला नसतो.

२. घन २४ प्रकारे फिरवता येतो म्हणतात. हे २४ आले कुठून?

घनाला ६ पृष्ठं आहेत. त्यांपैकी कोणतंही एक खाली येऊ शकतं, म्हणजे ६ पर्याय. ते खाली ठेवून घन चार दिशांना तोंड करून बसतो. ६ × ४ = २४.

याच उत्तराची खात्री आणखी दोन वाटांनी होते. ८ कोपऱ्यांपैकी कोणताही एक तुमच्याकडे येईल आणि त्या कोपऱ्याभोवती घन ३ प्रकारे बसेल : ८ × ३. किंवा १२ कडांपैकी कोणतीही समोर येईल आणि ती दोन टोकांनी बसेल : १२ × २. कोणत्याही वाटेने २४. एखादी वस्तू किती ठिकाणी जाऊ शकते आणि जागेवर राहिली तर तिच्याभोवती किती हालचाली शिल्लक राहतात, या दोन संख्यांचा गुणाकार नेहमी गटाएवढाच येतो. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही युक्ती राहू द्या. प्रश्न ८ मध्ये ती पुन्हा लागणार आहे.

३. त्या चोवीस फिरवण्यांची यादी मिळेल का? मी मोजतो तेव्हा अठराच होतात.

अठरा येतात कारण सहा हमखास निसटतात. बटाट्याचा किंवा साबणाचा नीट घन कापा आणि दाभण घेऊन बसा.

आधी दाभण समोरासमोरच्या दोन पृष्ठांच्या मध्यातून आरपार घाला. असे ३ अक्ष आहेत. प्रत्येकाभोवती ९०, १८० आणि २७० अंश फिरवता येतं, म्हणजे ९ फिरवण्या. त्यांतल्या ९० आणि २७० च्या मिळून ६, आणि १८० च्या ३. ही विभागणी पुढे रंगांच्या प्रश्नात लागेल.

मग दाभण एका कोपऱ्यातून घालून थेट समोरच्या कोपऱ्यातून बाहेर काढा. असे ४ अक्ष, प्रत्येकाभोवती १२० आणि २४० अंश. ८ फिरवण्या.

आता निसटणारे. दाभण एका कडेच्या मधोमध टोचा आणि तिच्या अगदी विरुद्ध असलेल्या कडेच्या मध्यातून बाहेर काढा. असे ६ अक्ष आहेत आणि प्रत्येकाभोवती फक्त १८० अंश चालतं. हा अक्ष कागदावरच्या चित्रात नीट दिसत नाही, म्हणूनच तो सुटतो. हातात मात्र लगेच पटतो : घन उलटतो, समोरची कड तिथेच राहते आणि तिची टोकं अदलाबदल होतात.

९ + ८ + ६, आणि काहीच न करण्याची १. झाले २४. अक्ष एकूण १३.

४. कोपऱ्यावरून पाहिलं तर घन षटकोनी दिसतो. मग त्या अक्षाभोवती ६० अंश का चालत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं निरीक्षण पक्कं असतं. बाह्यरेषा खरोखर नियमित षटकोनाची दिसते. पण त्या षटकोनाचे सहा कोपरे तुमच्यापासून सारख्या अंतरावर नाहीत. एकाआड एक तीन जवळचे आहेत आणि तीन लांबचे. ६० अंश फिरवलं की जवळचे लांबच्यांच्या दिशेला जातात आणि घन आपल्या जागेत बसत नाही. १२० अंशांवर जवळचे जवळच्यांवर येतात.

तरीही ६० अंशांची हालचाल पूर्ण वाया जात नाही. ६० अंश फिरवून, नंतर त्या अक्षाला काटकोनात असलेल्या मधल्या प्रतलात आरशासारखं उलटवलं, तर जवळचं लांब आणि लांबचं जवळ होतं आणि घन पुन्हा नेमका बसतो. अशा ८ हालचाली आहेत. त्या पुढच्या प्रश्नातल्या ४८ मध्ये मोडतात.

५. एका पुस्तकात २४ आहे, दुसऱ्यात ४८. बरोबर काय?

दोन्ही. हातात धरून करता येणाऱ्या हालचाली २४. आरशातली उलटापालटही मान्य केली तर ४८.

वाढलेल्या २४ अशा : पृष्ठांना समांतर असणारे ३ आरसे, समोरासमोरच्या कडांतून तिरके जाणारे ६ आरसे, प्रत्येक बिंदू केंद्राच्या पलीकडे समान अंतरावर नेणारी १ हालचाल (हिला व्युत्क्रमण म्हणू), ९० अंश फिरवून आरसा लावण्याच्या ६, आणि प्रश्न ४ मधल्या ६० अंश फिरवून आरसा लावण्याच्या ८. बेरीज २४.

कॉम्प्युटरवर हे तपासायचं असेल तर सोपी वाट आहे. घनाचं केंद्र मूळबिंदूवर आणि अक्ष पृष्ठांच्या मध्यांतून ठेवा. मग प्रत्येक सममिती म्हणजे तीन निर्देशकांची अदलाबदल आणि प्रत्येकाचं चिन्ह बदलणं किंवा न बदलणं. अदलाबदली ६, चिन्हांचे पर्याय ८, गुणाकार ४८. ज्यांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक +१ आहे त्या २४ हातांनी करता येतात, −१ वाल्या येत नाहीत.

व्यवहारात निवड अशी करावी : धातूचा ब्लॉक, फासा, खेळणं असेल तर २४. रेणू किंवा स्फटिकाची रचना अभ्यासायची असेल तर ४८.

६. अष्टफलक तर घनासारखा अजिबात दिसत नाही. दोघांचा गट एकच कसा?

घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर एक टिंब ठेवा. सहा टिंबं झाली. शेजारच्या पृष्ठांवरची टिंबं जोडा. आत जो आकार तयार होतो तो नियमित अष्टफलक : ६ कोपरे, १२ कडा, ८ त्रिकोणी पृष्ठं. आता घनाची कोणतीही सममिती करा. पृष्ठ पृष्ठावर जातं, म्हणून टिंब टिंबावर जातं, म्हणून अष्टफलक स्वतःवरच बसतो. उलट बाजूने अष्टफलकाच्या आठ पृष्ठांच्या मध्यांवर टिंबं ठेवली की घन मिळतो. त्यामुळे एकाची एकही हालचाल दुसऱ्यात कमी पडू शकत नाही.

भूमिका तेवढ्या बदलतात. घनाच्या पृष्ठांमधून जाणारे अक्ष हे अष्टफलकाच्या कोपऱ्यांमधून जातात आणि घनाच्या कोपऱ्यांतले अक्ष अष्टफलकाच्या पृष्ठांमधून. कडांचे अक्ष कडांचेच राहतात. या गटाला पुस्तकांत बहुतेकदा अष्टफलकाचं नाव असतं म्हणून घन शिकणारी मुलं बावरतात. गट तोच आहे.

७. हा गट म्हणजे चार वस्तूंच्या सगळ्या अदलाबदली, असं सर म्हणाले. त्या चार वस्तू कोणत्या?

घनाचे चार आरपार कर्ण. मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, म्हणून थोडं सविस्तर.

काड्यांचा घन बनवा आणि आठ कोपरे चार रंगांच्या दोऱ्यांनी आरपार जोडा : लाल, निळा, पिवळा, हिरवा. घन कसाही फिरवा, कर्ण कर्णावरच जातो. म्हणजे प्रत्येक फिरवणी चार रंगांची एक अदलाबदल करते. चार रंगांच्या एकूण अदलाबदली ४ × ३ × २ × १ = २४. संख्या तर जुळली. पण दोन वेगवेगळ्या फिरवण्या एकच अदलाबदल करत नाहीत ना, हे पाहायला हवं.

त्यासाठी एवढंच दाखवलं तरी पुरतं, की चारही दोरे आपापल्या जागी ठेवणारी फिरवणी एकच आहे, काहीच न करण्याची. समजा लाल दोऱ्याचं वरचं टोक जागेवर राहिलं. त्या कोपऱ्याचे तीन शेजारी म्हणजे निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या दोऱ्याचं एकेक टोक. शेजारी हालचालीनंतरही शेजारीच राहतो. निळ्याचं दुसरं टोक या कोपऱ्याच्या शेजारी नाहीच, तेव्हा निळाही उलटू शकत नाही. तसंच बाकीच्यांचं. म्हणजे काहीच हललं नाही. आणि लाल दोरा टोकं बदलून उलटला असेल, तर याच तर्काने चारही उलटले. ते तर प्रश्न ५ मधलं व्युत्क्रमण झालं, ते हातांनी होत नाही. म्हणून २४ फिरवण्या म्हणजे २४ वेगळ्या अदलाबदली.

आता दोरे पाहत फिरवा. पृष्ठाच्या अक्षाभोवती ९० अंश : चारही रंग एकामागोमाग एक घर पुढे सरकतात. त्याच अक्षाभोवती १८० : दोन जोड्या आपसात बदलतात. कोपऱ्याच्या अक्षाभोवती १२० : एक रंग जागेवर, तिघे गोल फिरतात. कडेच्या अक्षाभोवती १८० : दोनच रंग बदलतात, बाकीचे दोन जागेवरच उलटे होतात. ६, ३, ८, ६ आणि १ ही विभागणी प्रश्न ३ मधल्या यादीशी आकड्याला आकडा जुळते.

४८ च्या गटात प्रत्येक अदलाबदल दोनदा येते, एकदा साधी आणि एकदा व्युत्क्रमणासह.

८. आमच्याकडे चौकोनी ब्लॉक फिक्स्चरमध्ये उलटा बसून जॉब रिजेक्ट होतात. किती प्रकारे चुकीचा बसू शकतो आणि खूण कुठे करावी?

अंबडहून हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा फार आनंद झाला, कारण गटसिद्धांत इथे थेट कामाला येतो.

कोरा ब्लॉक तिन्ही मापांनी वेगळा असेल (समजा १०० × ६० × ४० मिमी), तर तो आपल्याच जागेत ४ प्रकारे बसतो : सरळ, आणि तीन अक्षांभोवती १८० अंशांनी उलटून. दोन मापं सारखी असतील तर ८ प्रकारे. सारीपाटाच्या लांबट फाशाचा आकार याच जातीचा. तिन्ही मापं सारखी म्हणजे घन, २४ प्रकारे. यांतला एक बरोबर, बाकी सगळे चुकीचे : अनुक्रमे ३, ७ आणि २३.

आता खूण. घनाच्या एका पृष्ठाच्या बरोबर मध्यावर भोक पाडलं, तर ते पृष्ठ ओळखू येतं पण त्याभोवतीच्या ४ फिरवण्या शिल्लक राहतात. भोक मध्यापासून बाजूला सरकवलं आणि ते आरपार नसेल, तर ब्लॉक एकाच प्रकारे बसतो. इतकं सोपं.

फसगत आरपार भोकात होते. आरपार भोक पृष्ठाच्या मध्यरेषेवर किंवा कर्णावर आलं, तर ब्लॉक वरचा खाली करून उलटल्यावरही भोक पिनवरच येतं. दोन प्रकार उरतात आणि ऑपरेटरला फरक दिसत नाही. म्हणून आरपार भोक घ्यायचंच असेल तर दोन्ही काठांपासूनची अंतरं वेगळी ठेवा, दोन्हींपैकी एकही मापाच्या निम्मं येऊ देऊ नका आणि दोन्हींची बेरीज पूर्ण मापाएवढी होऊ देऊ नका. म्हणजे भोक मध्यरेषेवरही नाही आणि कर्णावरही नाही. १०० मिमीच्या घनात वरच्या पृष्ठावर डाव्या काठापासून २० आणि समोरच्या काठापासून ३५ मिमी, हे चालतं. २० आणि २० चालत नाही, २० आणि ५० चालत नाही. २० आणि ८० हेसुद्धा दुसऱ्या कर्णावर पडतं, तेही टाळा.

९. दोन फिरवण्यांचा क्रम बदलला तर काय फरक पडतो?

पडतो, आणि फाशावर लगेच दिसतो. फासा असा धरा : वर १, समोर २, उजवीकडे ३. (तुमच्या फाशावर उजवीकडे ४ येत असेल तर प्रश्न १२ पाहा.)

हालचाल क : वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश. हालचाल ख : वरचं पृष्ठ आपल्याकडे पाडणं. आधी क मग ख केलं की वर ४ येतो. मूळ स्थितीला येऊन आधी ख मग क केलं की वर ५ येतो. उजवीकडे ४ असलेल्या फाशावर हेच आकडे ३ आणि ५ येतील, पण वेगळे येतीलच.

१०. घनाची पृष्ठं काळ्या-पांढऱ्या रंगांनी किती प्रकारे रंगवता येतात? माझं उत्तर ६४ आलं, पुस्तकात १० आहे.

६४ हे टेबलाला खिळलेल्या घनाचं उत्तर आहे. फिरवून एकसारखे होणारे घन एकच धरले की १० उरतात. हातांनीही मोजता येतं : काळी पृष्ठं ०, १, २, ३, ४, ५, ६ असताना प्रकार अनुक्रमे १, १, २, २, २, १, १.

रंग वाढले की हातांनी होत नाही. तेव्हा एक सुंदर नियम आहे. प्रत्येक फिरवणीने जसेच्या तसे राहणारे रंगकाम मोजा, सगळ्यांची बेरीज करा आणि फिरवण्यांच्या संख्येने भागा. फिरवणीने पृष्ठांची जितकी टोळकी पडतात, त्या प्रत्येक टोळक्याला एकच रंग हवा. काहीच न करणं : ६ टोळकी, ६४ रंगकामं. पृष्ठ-अक्षाभोवती ९० अंश : दोन पृष्ठं एकेकटी आणि चौघांचं एक टोळकं, एकूण ३, म्हणून ८, आणि अशा ६ फिरवण्या. त्याच अक्षाभोवती १८० : ४ टोळकी, १६, अशा ३. कोपरा-अक्ष : २ टोळकी, ४, अशा ८. कडा-अक्ष : ३ टोळकी, ८, अशा ६. बेरीज ६४ + ४८ + ४८ + ३२ + ४८ = २४०. भागिले २४, उत्तर १०.

दोनच्या जागी तीन रंग घातले की ५७ येतात आणि सहा रंग (सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही) घातले की २२२६. सहा पृष्ठांना सहा वेगळे रंग द्यायचेच असतील तर नियमाचीही गरज नाही, ७२० भागिले २४, म्हणजे ३०.

हा नियम बर्नसाइड यांच्या नावाने ओळखला जातो, कारण त्यांच्या १८९७ च्या पुस्तकातून तो सर्वत्र पोचला. कोशी आणि फ्रोबेनियस यांना तो त्याआधीच माहीत होता.

११. गट एकच असेल तर अष्टफलकाची पृष्ठं दोन रंगांत रंगवण्याचे प्रकारही १० च ना?

नाही, २३. गट तोच असला तरी आता तो आठ पृष्ठांना हलवतो आहे, सहांना नाही. अष्टफलकाची पृष्ठं म्हणजे घनाचे कोपरे (प्रश्न ६), म्हणून घनाचे कोपरे दोन रंगांत रंगवण्याचं उत्तरही २३. अष्टफलकाचे कोपरे रंगवले तर १०. बारा कडा रंगवल्या तर दोघांचंही उत्तर एकच, २१८.

१२. समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ७ असलेले सगळे फासे सारखेच असतात का?

दोन जातींचे असतात. १, २, ३ हे तिन्ही ज्या कोपऱ्यावर भेटतात तो कोपरा डोळ्यांसमोर धरा. १ वरून २ वर आणि २ वरून ३ वर जाताना एका जातीत घड्याळाच्या दिशेने जावं लागतं, दुसरीत उलट. एक जात म्हणजे दुसरीचं आरशातलं रूप. कितीही फिरवून एकीची दुसरी होत नाही.

याचा परिणाम मोजणीवरही होतो. सहा वेगळ्या रंगांचे ३० घन आरशातल्या जोड्या एक धरल्या की १५ होतात. दोन रंगांत मात्र आरशाने काहीच फरक पडत नाही, १० चे १० च राहतात. तीन रंगांत ५७ चे ५६ होतात, म्हणजे आरशात वेगळी पडणारी जोडी नेमकी एकच. ती शोधणं हा चांगला व्यायाम आहे. ज्यांना उत्तर हवंच आहे त्यांच्यासाठी : वर आणि समोर लाल, डावीकडे आणि खाली निळा, उजवीकडे आणि मागे पिवळा. यात कोणताही रंग समोरासमोर येत नाही. खालचा आणि मागचा रंग आपसात बदलला की जोडीदार मिळतो.

१३. रुबिक क्यूबचा गट म्हणजे हाच का?

नाही. रुबिक क्यूबचा गट थर वळवण्यांचा आहे आणि त्यात ४३ पुढे १८ शून्यं मांडावीत त्याहून थोड्या जास्त स्थिती येतात. तिथे अख्खा क्यूब हातात फिरवणं ही चाल धरतच नाहीत, कारण मधले सहा तुकडे एकमेकांच्या संदर्भात हलत नाहीत.

पण आपला ४८ चा गट तिथे मागून मदतीला येतो. एखादी स्थिती सोडवता आली की तिची फिरवलेली आणि आरशातली रूपंही तेवढ्याच चालींत सुटतात. कोणतीही स्थिती जास्तीत जास्त २० चालींत सुटते हे २०१० मध्ये कॉम्प्युटरने सिद्ध झालं, तेव्हा सगळ्या स्थितींचे २२१ कोटींहून जास्त भाग पाडले होते. सममितीचा आधार घेऊन आणि अनावश्यक भाग गाळून प्रत्यक्षात ५ कोटी ५८ लाखांच्या आसपासच भाग तपासावे लागले.

१४. चतुष्फलकाचा गटही २४ चा आणि घनाच्या फिरवण्याही २४. मग दोन्ही एकच का?

इथे तीन वेगवेगळे "चोवीस" एकमेकांत मिसळतात. सावकाश वाचा.

घनाचे कोपरे एकाआड एक निवडले की चार कोपरे मिळतात आणि त्यांचा नियमित चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठांचा आकार, होतो. उरलेल्या चारांचा दुसरा. हे दोन एकमेकांत घुसलेले चतुष्फलक जिथे एकमेकांना व्यापतात तो आतला भाग नियमित अष्टफलकच असतो. घनाच्या २४ फिरवण्यांपैकी १२ प्रत्येक चतुष्फलकाला स्वतःवर ठेवतात आणि १२ दोघांची अदलाबदल करतात.

या १२ मध्ये काय मिळवता त्यावर पुढचं ठरतं. राहिलेल्या १२ फिरवण्या मिळवल्या तर घनाचा फिरवण्यांचा गट. ६ तिरके आरसे आणि ९० अंश-आरशाच्या ६ हालचाली मिळवल्या तर चतुष्फलकाचा पूर्ण गट. व्युत्क्रमण धरून त्यातून येणाऱ्या एकूण १२ मिळवल्या तर तिसराच गट, ज्याची गाठ प्रश्न १७ मध्ये पायराइटशी पडेल.

पहिले दोन अवकाशात वेगळे आहेत, एकात आरसे आहेत आणि एकात नाहीत. पण कोणत्या दोन हालचाली एकापाठोपाठ केल्या की कोणती मिळते याचं, म्हणजे गुणाकाराचं, कोष्टक मांडलं तर दोन्ही चार वस्तूंच्या अदलाबदलींचेच गट आहेत. तिसरा कोष्टकातही वेगळा : त्यात सहा वेळा केल्यावरच पूर्वस्थितीला येणारी हालचाल आहे. चार वस्तूंच्या अदलाबदलींत तशी एकही सापडत नाही.

१५. याचा चौथ्या घाताच्या समीकरणाशी संबंध आहे असं ऐकलं. घनाचा आणि समीकरणाचा काय संबंध?

घनाचे तीन पृष्ठ-अक्ष पाहा. प्रत्येक अक्ष चार कर्णांच्या दोन जोड्या पाडतो, १८० अंशात आपसात बदलणाऱ्या. चार वस्तूंच्या अशा जोड्या तीनच प्रकारे पडतात आणि अक्षही तीनच आहेत. कर्णांच्या जागी समीकरणाची चार मुळं ठेवा. पहिल्या-दुसऱ्याचा गुणाकार अधिक तिसऱ्या-चौथ्याचा गुणाकार, अशा तीनच राशी तयार होतात आणि मुळं कशीही बदलली तरी त्या तिघी आपसातच फिरतात. म्हणून त्या तिसऱ्या घाताच्या समीकरणाची मुळं असतात. ते सोडवा आणि मागे या. फेरारी यांची चौथ्या घाताची रीत १५४५ मध्ये कार्दानो यांच्या ग्रंथात छापली गेली. गट ही कल्पना त्यानंतर जवळपास तीन शतकांनी आली, पण रीत चालते ती या तीन अक्षांमुळे.

१६. रसायनशास्त्रात अष्टफलकी रेणूचं ध्रुवीय आघूर्ण शून्य असतं असं पाठ करायला सांगतात. कारण काय?

नाशिकच्या स्विचगिअर कारखान्यांत ओळखीचा असलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड घ्या. मध्ये गंधक आणि अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर फ्लोरिन. ध्रुवीय आघूर्ण म्हणजे रेणूतला विद्युतभार कोणत्या बाजूला आणि किती कलला आहे ते; ते असेल तर तो एक बाण आहे, आणि रेणू स्वतःवर बसवणाऱ्या प्रत्येक हालचालीनंतर तो बाण तसाच राहिला पाहिजे. व्युत्क्रमण बाणाला उलटं करतं. उलट केल्यावरही तोच राहणारा बाण फक्त शून्य लांबीचा. व्युत्क्रमण बाजूला ठेवलं तरी चालेल : एका अक्षाभोवती १८० अंश टिकणारा बाण त्या अक्षावरच हवा, आणि एकच बाण तीन अक्षांवर एकदम असू शकत नाही.

१७. खनिजाचा तुकडा घनासारखा किंवा अष्टफलकासारखा दिसला की त्याचा गट ४८ चा धरायचा का?

नाही, आणि आपल्याच जिल्ह्यात याची उत्तम उदाहरणं मिळतात.

मिठाचा घन खरोखर ४८ चा. पायराइटचा घन मात्र हातात घेऊन तिरक्या उजेडात धरा. पृष्ठांवर बारीक समांतर रेघा दिसतात आणि शेजारच्या पृष्ठावर त्या आडव्याच्या उभ्या होतात. ९० अंश फिरवलं की रेघा जुळत नाहीत. १८० आणि १२० ला जुळतात. तिरके सहा आरसे गेले, पृष्ठांना समांतर तीन राहिले. उरलेला गट २४ चा, प्रश्न १४ मधला तिसरा. तुरटीचंही तसंच. घरी गरम पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून, एक छोटा खडा दोऱ्याला टांगून ठेवला तर त्यावर देखणा अष्टफलक वाढतो. बाहेरून तो ४८ चा वाटतो, आतल्या अणुरचनेचा गट त्याच २४ चा आहे.

नाशिक-सिन्नर भागातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारं अपोफिलाइट तर नवख्याला हमखास फसवतं. त्याचे काही स्फटिक अगदी घनासारखे असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर पृष्ठांची चमक पाहा. समोरासमोरची दोन पृष्ठं मोत्यासारखी चमकतात, उरलेली चार काचेसारखी, आणि त्या चारांवर उभ्या रेघा असतात. एक अक्ष बाकी दोघांपेक्षा वेगळा आहे, म्हणून कोपऱ्यांभोवतीची १२० अंशांची एकही फिरवणी उरत नाही. गट १६ चा. प्रश्न ८ मधल्या दोन मापं सारख्या असलेल्या ब्लॉकचा पूर्ण गटही १६ चाच, आणि तो हाच.

चॅबेझाइटही घनासारखं दिसतं. त्याचे कोन ९० ऐवजी साधारण ९४ आणि ८६ अंशांचे असतात, म्हणजे घन एका कर्णाच्या दिशेने किंचित दाबल्यासारखा. चारांपैकी एकच कर्ण खास उरतो आणि त्या आकाराचा गट १२ चा.

१८. आणखी कोणत्या आकारांचा गट हाच आहे? फुटबॉलचा?

फुटबॉलचा नाही. त्यावरच्या पंचकोनांभोवती ७२ अंशांची फिरवणी चालते, ती घनात नाहीच. त्याचा गट १२० चा.

घनाचे कोपरे कापले, अष्टफलकाचे कोपरे कापले, किंवा दोघांच्या मधला ८ त्रिकोण आणि ६ चौरसांचा आकार घेतला, तरी सगळ्यांचा गट ४८ चाच राहतो, कारण सगळे कोपरे सारखेच कापले. स्नब क्यूब हा अपवाद. त्याचे सहा चौरस किंचित पिळलेले असतात आणि मधे ३२ त्रिकोण बसतात. २४ फिरवण्या टिकतात, आरसा एकही टिकत नाही. म्हणून तो डावा आणि उजवा अशा दोन रूपांत येतो.

सर्वांत चकवणारा आकार १८ चौरस आणि ८ त्रिकोणांचा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीन चौरस आणि एक त्रिकोण भेटतात आणि गट ४८ चा असतो. आता त्याची वरची टोपी ४५ अंश फिरवून पुन्हा चिकटवा. पृष्ठं तेवढीच, प्रत्येक कोपऱ्यावर तेच तीन चौरस आणि एक त्रिकोण. पण मूळ आकारात चौरसांचे आठ-आठांचे पट्टे तीन दिशांनी फिरत होते, आता एकच पूर्ण पट्टा उरतो, त्यामुळे एकच दिशा खास होते. गट ४८ वरून १६ वर येतो. हा १६ अपोफिलाइटचा मात्र नाही. या आकारात ४५ अंश फिरवून आरसा लावण्याची हालचाल आहे, जी अपोफिलाइटमध्ये नाही. अपोफिलाइटमध्ये व्युत्क्रमण आहे, ते या आकारात नाही.